अणूचं वेव्हफंक्शन इंटरफेरोमीटरने मोजतात, म्हणजे नेमकं काय मोजतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेव्हफंक्शन मोजता येत नाही, मिळतो तो फक्त त्याच्या परिमाणाचा वर्ग, असं आम्हाला शिकवलं. पण अणूंच्या इंटरफेरोमीटरने वेव्हफंक्शन मोजल्याचे पेपर सापडतात. खरं काय? आणि इंटरफेरोमीटरच्या दोन्ही पोर्टमधून बाहेर पडणारे अणू मोजले आणि लेझरची फेज बदलत गेलो, तर वेव्हफंक्शनची फेज मिळेल का?"

मी रुबिडियमच्या थंड अणूंवर इंटरफेरोमेट्री करते, म्हणजे अणूची लाट दोन वाटांत विभागून पुन्हा मिसळते आणि बाहेर पडण्याच्या दोन तोंडांतून (पोर्ट) काय येतं ते बघते, तेव्हा हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. वेव्हफंक्शन म्हणजे कणाच्या शक्यता सांगणारी लाट, परिमाण म्हणजे तिची उंची आणि फेज म्हणजे ती आपल्या चक्राच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते. पहिल्या भागाचं उत्तर: तुम्हाला शिकवलेलं खरं आहे आणि पेपरही खरे आहेत. शिकवलं जातं ते एका अणूबद्दल. पेपरवाले बोलतात ते एकाच पद्धतीने तयार केलेल्या असंख्य अणूंबद्दल. दुसऱ्या भागाचं उत्तर: नाही, नुसत्या मोजणीतून मिळणार नाही. हे 'नाही' जास्त कामाचं आहे. ते का, हे नीट कळलं की बाकीचा विषय आपोआप सुटतो. म्हणून खाली त्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी एक गोष्ट मोकळी करून घेऊ. अणूचं वेव्हफंक्शन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हायड्रोजनची ऑर्बिटल्स येतात, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या इलेक्ट्रॉनचं वेव्हफंक्शन. अणूंचा इंटरफेरोमीटर त्याला हातही लावत नाही. तो बघतो ते अख्ख्या अणूच्या वस्तुमानकेंद्राचं वेव्हफंक्शन: अणू एक कण धरला तर तो कुठे आहे, किती वेगाने चाललाय आणि त्या शक्यता एकमेकींशी कुठल्या फेजने बांधलेल्या आहेत. इलेक्ट्रॉनच्या बाजूचेही सुंदर प्रयोग आहेत. १९९८ साली मिशिगन विद्यापीठात सीझियमच्या रिडबर्ग अवस्थांचा (इलेक्ट्रॉन केंद्रकापासून फार दूर असलेल्या अवस्थांचा) वेव्हपॅकेट, म्हणजे लाटांचा पुंजका, एका ज्ञात संदर्भ-पॅकेटशी जुळवून त्याचं परिमाण आणि फेज दोन्ही काढली होती. २०१३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गटाने विद्युतक्षेत्रात ठेवलेल्या हायड्रोजनमधून सुटलेले इलेक्ट्रॉन पडद्यावर पाडून वेव्हफंक्शनची शून्यवलयं दाखवली. पण तो वेगळा रस्ता, त्याचं इथे एवढंच.

वस्तुमानकेंद्राच्या लाटेची लांबी किती असते? प्लांकच्या स्थिरांकाला वस्तुमान आणि वेगाच्या गुणाकाराने भागायचं. खोलीच्या तापमानाचा रुबिडियम सेकंदाला साधारण ३०० मीटर पळतो. त्याची तरंगलांबी १५ पिकोमीटर, म्हणजे अणूच्या स्वतःच्या आकारापेक्षाही कितीतरी लहान. तोच अणू लेझरने थंड करून सेकंदाला ५.९ मिलिमीटरवर आणला की तरंगलांबी ७८० नॅनोमीटर होते. हा आकडा योगायोगाचा नाही. ७८० नॅनोमीटर ही रुबिडियमला थंड करणाऱ्या लेझरची तरंगलांबी, आणि ५.९ मिलिमीटर प्रतिसेकंद हा त्याच लेझरचा एक फोटॉन शोषल्यावर अणूला बसणारा धक्का. प्रकाश हाच आपला चिमटा आणि प्रकाश हीच आपली मोजपट्टी असण्याचं कारण या एका समीकरणात आहे.

आता एका अणूचं. एक अणू घेतला आणि तो कुठे आहे हे पाहिलं, तर एक ठिपका मिळतो. बस. त्याच अणूवर दुसरी मोजणी केली तर ती बदललेल्या अवस्थेची होते. आधी नक्कल काढून ठेवू म्हणाल, तर अज्ञात क्वांटम अवस्थेची नक्कल काढता येत नाही, हे सिद्ध झालेलं प्रमेय आहे. म्हणून अवस्था तयार करण्याची कृती पक्की करायची, ती पुन्हा पुन्हा करायची आणि दर वेळी वेगळा प्रश्न विचारायचा. त्यातून हाती येते ती त्या कृतीची घनता-मॅट्रिक्स, म्हणजे कुठल्या जागेची शक्यता किती आणि कुठल्या दोन जागा कशा फेजने बांधलेल्या आहेत याचा तक्ता. कृती अगदी चोख असेल, तर ती मॅट्रिक्स एकाच वेव्हफंक्शनपासून बनलेली निघते आणि मग 'वेव्हफंक्शन मोजलं' म्हणायला हरकत नाही. कृती ढिली असेल, तर जे मिळतं ते अनेक वेव्हफंक्शनांचं मिश्रण. आणि दोन्ही बाबतींत संपूर्ण वेव्हफंक्शनला लागलेली एक समान फेज कधीच मिळत नाही, कारण तिला भौतिक अर्थच नाही. मिळतो तो दोन ठिकाणांमधल्या फेजचा फरक.

मग फक्त घनता मोजून का भागत नाही? कॅमेऱ्याने अणूंच्या ढगाचा फोटो काढला की परिमाणाचा वर्ग मिळतो. तुम्ही म्हणाल, स्थानाचं वितरण मोजू, संवेगाचंही मोजू, दोन्ही मिळून अवस्था ठरेलच. पाउलीने १९३३ साली हाच प्रश्न उपस्थित केला होता. उत्तर आहे: ठरत नाही. त्याचं सगळ्यात सोपं उदाहरण हातचं आहे. एक गाउसियन (मध्ये दाट, कडेला विरळ होत जाणारा) ढग घ्या जो पसरतो आहे: उजवीकडचे अणू उजवीकडे चाललेत, डावीकडचे डावीकडे. दुसरा तेवढ्याच रुंदीचा, पण आकसतो आहे: उजवीकडचे डावीकडे, डावीकडचे उजवीकडे. या क्षणी दोघांचं स्थान-वितरण सारखं. संवेग-वितरणही सारखं, कारण डाव्या-उजव्या वेगांचं प्रमाण दोन्हींत समानच आहे. तरी अवस्था पूर्ण वेगळ्या. एकाचं वेव्हफंक्शन दुसऱ्याचं कॉम्प्लेक्स कॉन्ज्युगेट आहे, म्हणजे परिमाण तेच, फेजचं चिन्ह उलट. पसरणाऱ्यात फेज मध्यापासून दोन्ही बाजूंना अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते, आकसणाऱ्यात तशीच घटत जाते. हे दोन ढग लक्षात ठेवा. वेव्हफंक्शन मोजतो म्हणणाऱ्या कुठल्याही पद्धतीची मी पहिली परीक्षा हीच घेते: तिला हे दोन ढग वेगळे ओळखता येतात का?

आता इंटरफेरोमीटर. लेझरच्या दोन किरणांची एक पल्स अणूवर टाकतात. ती अणूची अवस्था निम्मी-निम्मी करते: अर्धा भाग जसा होता तसा, अर्ध्याला दोन फोटॉनांचा धक्का. रुबिडियमसाठी हा धक्का सेकंदाला ११.८ मिलिमीटर. काही वेळाने दुप्पट ताकदीची पल्स दोघांचे वेग अदलाबदल करते, आणि ते पुन्हा जवळ येऊ लागतात. शेवटी पुन्हा एक निम्मी पल्स दोघांना एकमेकांत मिसळते. आम्ही तीन पल्सच्या या क्रमाला पाय-बाय-टू, पाय, पाय-बाय-टू म्हणतो. रामन पल्सची (अशा दोन किरणांच्या पल्सचा हा एक प्रकार) ही रचना १९९१ मध्ये कासेविच आणि चू यांनी स्टॅनफर्डला सोडियमवर करून दाखवली, आणि आजचे अणूंवर चालणारे गुरुत्वमापक तिच्यावरच उभे आहेत.

गुरुत्वमापकात पल्सांमधले दोन्ही कालावधी अगदी समान ठेवतात, म्हणजे दोन भाग तंतोतंत एकमेकांवर येतात. वेव्हफंक्शन बघायचं असेल तर उलट करायचं: शेवटची पल्स मुद्दाम थोडी लवकर किंवा उशिरा द्यायची. रुबिडियममध्ये १ मिलिसेकंद उशीर केला तर दोन भाग एकमेकांपासून जवळपास १२ मायक्रोमीटर सरकलेले राहतात. आता एखाद्या बिंदूवर जे मिसळतं ते एकाच वेव्हफंक्शनचे दोन तुकडे असतात: एक या जागेचा, दुसरा १२ मायक्रोमीटर पलीकडच्या जागेचा. त्या बिंदूवर एका पोर्टमधली घनता तीन गोष्टींची बेरीज असते. पहिल्या तुकड्याच्या परिमाणाचा वर्ग, दुसऱ्याच्या परिमाणाचा वर्ग, आणि दोघांच्या गुणाकाराला फेज-फरकाच्या कोसाइनने गुणून दुप्पट केलेली संख्या. वेव्हफंक्शनच्या फेजची सगळी माहिती त्या तिसऱ्या पदात आहे. शेवटच्या पल्सची फेज बदलत गेलात की ते पद वर-खाली होतं, बाकीची दोन जागच्या जागी राहतात. म्हणून ते वेगळं काढता येतं, कोसाइनही आणि साइनही. सरकवण्याचं अंतर बदलत सगळी अंतरं धुंडाळली की पूर्ण घनता-मॅट्रिक्स भरत जाते.

इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो. पोर्टमधले सगळे अणू एकत्र मोजले, म्हणजे वरच्या तिसऱ्या पदाची सगळ्या जागांवर बेरीज केली, तर काय उरतं? वेव्हफंक्शन आणि त्याची सरकवलेली प्रत यांचा एकूण मेळ. कागदावर दोन ओळींत दिसेल की ही राशी म्हणजे संवेग-वितरणाचं फूरिए रूपांतर, तीच माहिती वेगळ्या गणिती रूपात. म्हणजे एवढा खटाटोप करून तुम्ही परत संवेग-वितरणच मोजलंत. पसरणारा ढग आणि आकसणारा ढग दोघेही तुम्हाला अगदी सारखाच आलेख देतील. कॉन्ट्रास्ट (चढ-उतार किती ठळक आहेत ते) कसा कमी होत गेला ते कळेल, ढगाची सुसंगती, म्हणजे फेजचा पक्का संबंध, किती लांबवर टिकते ते कळेल, तापमान कळेल. वेव्हफंक्शनची जागेगणिक फेज मात्र बेरजेत पुसली गेली. म्हणून मी 'नाही' म्हणाले. फेज हवी तर प्रत्येक जागेची घनता वेगळी दिसली पाहिजे, म्हणजे मोजणी-यंत्राऐवजी कॅमेरा हवा.

हे प्रत्यक्षात करून दाखवलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला विचाराल तर २००० सालचं. अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेत, विल्यम फिलिप्स यांच्या गटात, सोडियमच्या बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेटवर (अतिथंड ढग, ज्यात जवळजवळ सगळे अणू एकाच अवस्थेत असतात) हा प्रयोग झाला. कंडेन्सेट चुंबकीय सापळ्यातून सोडलं की अणूंमधल्या आपसातल्या रेट्याने ते पसरतं. पसरणाऱ्या ढगाची फेज अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढायला हवी, हे वर आलंच. आता वर्गाच्या प्रमाणात वाढणारी फेज आणि तिचीच सरकवलेली प्रत यांची वजाबाकी करा: वर्ग उडून जातो आणि फरक अंतराच्या सरळ प्रमाणात उरतो. म्हणजे फोटोत समान अंतरावरच्या सरळ पट्ट्या दिसायला हव्यात. तशाच दिसल्या. पट्ट्या समान अंतरावर आहेत हाच फेज वर्गाच्या प्रमाणात असल्याचा पुरावा. फेजमध्ये घनाचं पद असतं तर पट्ट्या एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ झाल्या असत्या.

त्यांनी सरकवण्याचं अंतर बदलत पट्ट्यांची दाटी मोजली. दाटीचा आलेख सरळ रेषा येतो आणि तिचा उतार म्हणजे फेजची वक्रता. साध्या हिशेबाने, सरकवणं शून्य केलं तर दाटीही शून्य व्हावी. ती होत नाही. कंडेन्सेटच्या दोन प्रती एकमेकींतून सुटताना एकमेकींना किंचित ढकलतात, त्या धक्क्याचा वेग शून्यावरच्या त्या छोट्या उंचीत दिसतो. दोन लाटा एकमेकींना ढकलतात हे एका आलेखाच्या छेदबिंदूवरून वाचता यावं, हे मला आजही भारी वाटतं.

आपली परीक्षा मात्र अजून बाकी आहे. एकाच फोटोतली कोसाइनची पट्टी वक्रतेचं चिन्ह सांगत नाही. पसरणारा आणि आकसणारा, दोघांच्या पट्ट्या तेवढ्याच दाट. दोन उपाय आहेत. एक, शेवटच्या पल्सची फेज थोडी थोडी वाढवायची आणि पट्ट्या कुठल्या बाजूला सरकतात ते पाहायचं. एका ढगात त्या डावीकडे जातील, दुसऱ्यात उजवीकडे. दोन, एखादा ज्ञात दिशेचा सापेक्ष वेग मुद्दाम ठेवायचा, मग एका चिन्हाला पट्ट्या दाट होतात आणि दुसऱ्याला विरळ. मी पहिला वापरते, कारण फेज बदलणं ही रेडिओ-फ्रिक्वेन्सी सिंथेसायझरमधली एक आज्ञा असते, त्यासाठी कुठलीही भौतिक वस्तू हलवावी लागत नाही.

दुसरा मोठा रस्ता टोमोग्राफीचा. सीटी स्कॅनमध्ये शरीराच्या वेगवेगळ्या कोनांतून सावल्या घेऊन आतलं चित्र गणिताने उभं करतात, तसंच इथे स्थान आणि संवेग यांच्या नकाशावर करतात. त्या नकाशाला विग्नर फलन म्हणतात. सावली घेण्यासाठी काही खास करावं लागत नाही, नुसतं थांबायचं. अणू मोकळा उडत असताना वेगवान भाग पुढे जातो आणि नकाशा तिरका होत जातो. लगेच फोटो काढला तर स्थानाची सावली, खूप उशिरा काढला तर संवेगाची, मधल्या वेळांना मधल्या कोनांची. पसरणारा-आकसणारा हा पेच इथे चुटकीसरशी सुटतो: आकसणारा ढग आधी बारीक होईल, मग पसरेल.

याचा गाजलेला प्रयोग जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातला. तिथे १९९१ मध्ये कार्नल आणि म्लिनेक यांनी हीलियम अणू दोन फटींतून पाठवून यंगचा प्रयोग केला होता. प्रत्येक फट १ मायक्रोमीटर रुंद, दोन्हींमध्ये ८ मायक्रोमीटर अंतर, आणि पडद्यावर साधारण ८ मायक्रोमीटर अंतराने पट्ट्या. १९९७ मध्ये कुर्टसीफर, फाऊ आणि म्लिनेक यांनी त्याच धर्तीवर विग्नर फलन उभं केलं. युक्ती अशी की अणूंचा झोत ठोक्याठोक्याने सोडायचा आणि प्रत्येक अणू पडद्यावर कुठे पडला याबरोबर कधी पडला हेही नोंदवायचं. वेगवान अणू फटींनंतर थोडाच वेळ उडालेले, हळू अणू जास्त वेळ. पडदा एकाच जागी ठेवून वेगवेगळ्या कोनांच्या सावल्या आपोआप गोळा झाल्या. हीलियम घेण्याचं कारणही व्यवहारी आहे. मेटास्टेबल, म्हणजे उत्तेजित अवस्थेत बराच काळ टिकणाऱ्या, हीलियममध्ये जवळपास २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा साठलेली असते. तो धातूवर आदळला की इलेक्ट्रॉन उडतो, म्हणून एकेक अणू टिपता येतो.

त्या नकाशात दोन फटींच्या जागी दोन उंचवटे दिसतात, ते अपेक्षितच. पण दोघांच्या बरोबर मध्ये, जिथे फटीच्या प्रतलात अणू कधी सापडणारच नाही कारण तिथे भिंत आहे, तिथे हे फलन लाटांसारखं वर-खाली होतं आणि ऋण होतं. साध्या संभाव्यतेचं वितरण ऋण होऊ शकत नाही. अणू नुसते या नाही तर त्या फटीतून गेले असते, तर दोन उंचवटे राहिले असते आणि मधला भाग सपाट असता. मधली लाट म्हणजे दोन फटींमधल्या फेजचा पक्का संबंध.

या रस्त्याच्याही अटी आहेत. मोकळं उडणं तुम्हाला शून्य ते नव्वद अंशांमधलेच कोन देतं. उरलेल्या अर्ध्यासाठी वेळ उलटा चालवावा लागेल, किंवा अणूंसाठी भिंग वापरून त्यांना आधी एकत्र वळवावं लागेल. अवस्था सममित असेल तर अर्ध्यावरून बाकीचं भरता येतं, पण मग ते गृहीतक आहे हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. शिवाय वेगवेगळ्या वेगाच्या अणूंची आडवी अवस्था फटींतून निघताना सारखीच होती, हेही धरून चालावं लागतं. सापळ्यात धरलेल्या कणाला ही अडचण येत नाही. सापळ्यात अवस्था दोलकासारखी फिरत राहते, त्यामुळे सगळे कोन मिळतात. १९९६ मध्ये निस्टच्या बोल्डर प्रयोगशाळेत एका बेरिलियम आयनच्या कंपनाची अवस्था संपूर्ण मोजली गेली, आणि २०२३ मध्ये त्याच गावातल्या जिला संस्थेत प्रकाशाच्या चिमट्यात धरलेल्या एकेका रुबिडियम अणूवर असंच करून दाखवलं. 'एकेका' म्हटलं तरी तिथेही अणू पुन्हा पुन्हा भरून असंख्य फेऱ्या होतातच.

इथवरचं एका दमात: मोजली जाते ती कृतीची अवस्था, एका अणूची नाही. फेज मिळते ती जागेगणिक पट्ट्या वाचून, किंवा अनेक वेळांच्या घनता एकत्र जुळवून. नुसत्या पोर्टच्या मोजणीतून ती मिळत नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पहिला अडथळा जवळजवळ नेहमी कॅमेरा असतो. समजा रुबिडियमचा ढग २० मिलिसेकंद पसरला आणि तुम्ही प्रती १२ मायक्रोमीटरने सरकवल्या. पट्ट्यांतलं अंतर म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले वेळ, भागिले वस्तुमान गुणिले सरकवणं. उत्तर येतं सुमारे साडेसात मायक्रोमीटर. तुमच्या भिंगांचा एकूण धूसरपणा गाउसियन धरून दीड मायक्रोमीटर असेल, तर पट्ट्यांचा कॉन्ट्रास्ट निम्म्याच्याही खाली येतो. सरकवणं दुप्पट करून २४ मायक्रोमीटर केलंत तर पट्ट्या ३.८ मायक्रोमीटरवर येतात आणि कॉन्ट्रास्ट पाच टक्क्यांच्या आसपास. अवस्था शुद्धच आहे, फक्त तुमचा चष्मा कमी नंबरचा आहे. म्हणून कॉन्ट्रास्ट पडला की लगेच 'सुसंगती संपली' असं लिहू नका. आधी भिंगाचा धूसरपणा स्वतंत्रपणे मोजा, त्याने भागा, मग उरलेल्याबद्दल बोला. ढगाची कॅमेऱ्याच्या दिशेतली जाडी फोकसच्या खोलीपेक्षा जास्त असेल, तरी असाच भास होतो.

दुसरा अडथळा कंपनं. रुबिडियमच्या रामन पल्समध्ये लेझर परत फिरवणारा आरसा १०० नॅनोमीटर हलला, तर फेज १.६ रेडियनने बदलते. एकाच फोटोत पट्ट्या दिसतील त्या चांगल्याच असतील, कारण हा बदल संपूर्ण चित्राला सारखाच लागतो. पट्ट्या सरकतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. एकसारखं गुरुत्वाकर्षणही तेच करतं. पण अनेक फोटोंची सरासरी काढलीत तर पट्ट्या धुऊन जातात. म्हणून सरासरी नंतर, आधी प्रत्येक फोटोतल्या पट्ट्यांना वेगळा कोसाइन-वक्र जुळवायचा. लेझरच्या तरंगपृष्ठाची (प्रकाशाच्या समान फेजच्या पृष्ठाची) वक्रता जास्त खोडसाळ असते. ती जागेगणिक फेज घालते आणि ती वेव्हफंक्शनच्या वक्रतेसारखीच दिसते. सरकवणं बदलत मोजणी केली तर दोघी वेगळ्या ओळखता येण्याची शक्यता बरीच वाढते. एकाच सरकवण्यावरच्या एका सुंदर फोटोवर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही.

तिसरी गोष्ट कंडेन्सेटची. तुम्ही विचाराल, निस्टच्या प्रयोगात तर एकेका फोटोत पट्ट्या दिसल्या, मग असंख्य फेऱ्यांची अट कुठे गेली? ती पाळली गेलेलीच आहे. लाखो अणू जवळजवळ एकाच अवस्थेत असतात, म्हणून एक फोटो म्हणजेच लाखो फेऱ्या. त्यातून मिळतं ते एका अणूच्या पातळीचं, सगळ्यांचं सामाईक वेव्हफंक्शन. लाखो अणूंचं मिळून जे प्रचंड वेव्हफंक्शन आहे, त्याबद्दल हा फोटो फार थोडं सांगतो. १९९७ मध्ये एमआयटीत सोडियमची दोन वेगवेगळी कंडेन्सेट्स एकमेकांवर पसरू दिली, तेव्हा साधारण १५ मायक्रोमीटर अंतराच्या ठसठशीत पट्ट्या दिसल्या. पण दोन स्वतंत्र कंडेन्सेट्समध्ये ठरलेली फेज नसते. दर फेरीला पट्ट्या नव्या जागी येतात आणि खूप फोटोंची सरासरी सपाट होते. एका फोटोवरून 'या दोघांमधली फेज इतकी आहे' असं म्हणणं आणि 'ही कृती इतकी फेज तयार करते' असं म्हणणं यात फरक आहे तो इथे.

२०११ मध्ये ओटावात फोटॉनांवर केलेली 'थेट मोजणी' तुमच्या वाचनात आली असेल. तिथे दुर्बल मोजणी (अवस्थेला जेमतेम धक्का लावणारी, म्हणून थोडीशीच माहिती देणारी) वापरून वेव्हफंक्शनचा खरा आणि काल्पनिक भाग यंत्राच्या दर्शकावर सरळ वाचता येतो, नंतरची गणिती उभारणी लागत नाही. पद्धत छान आहे. पण फेऱ्या तिथेही असंख्यच लागतात, आणि एका फोटॉनचं वेव्हफंक्शन तिथेही मिळत नाही. थंड अणूंच्या कामात मी तरी कॅमेरा आणि पट्ट्यांनाच पसंती देईन.

तुम्ही एम.एस्सी.ला आहात, तर यातलं बरंच काही प्रयोगशाळेशिवाय करून बघता येईल. पायथनमध्ये एका मितीचं गाउसियन वेव्हफंक्शन घ्या, त्याला वर्गाच्या प्रमाणात वाढणारी फेज लावा, आणि दुसरं त्याचंच कॉन्ज्युगेट घ्या. दोघांच्या स्थान आणि संवेग-वितरणांचे आलेख एकावर एक काढा, ते जुळतील. मग सरकवलेली प्रत मिसळा, पोर्टमधली एकूण संख्या काढा, तीही जुळेल. मग जागेगणिक घनता काढा आणि मिसळण्याची फेज हळूहळू वाढवा. एकाच्या पट्ट्या डावीकडे निघतील, दुसऱ्याच्या उजवीकडे. त्यानंतर वरचा दीड मायक्रोमीटरचा धूसरपणा घालून बघा, आणि शेवटी दर फोटोला मनाला येईल ती फेज देऊन शंभर फोटोंची सरासरी काढा. हे सगळं एका रविवारचं काम आहे. प्रत्यक्ष यंत्र बघायचं असेल तर पुण्याचं आयसर, मुंबईचं टीआयएफआर आणि इंदूरचं आरआरकॅट या तिन्ही संशोधन-संस्थांत थंड अणूंवर काम चालतं. उन्हाळी प्रकल्पासाठी पत्र लिहाल तेव्हा हा आलेख सोबत जोडा, आणि संवेग-वितरण जुळूनही अवस्था वेगळ्या का, ते दोन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहा.